पर्जन्यमापकाच्या नोंदी वाचणारा प्रोग्राम: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

घाटमाथ्यावरच्या शाळेच्या गच्चीवर बसवलेला पर्जन्यमापक आता नव्या रास्पबेरी पायवर (छोट्या संगणकावर) हलवायचा आहे. जुन्या पायचं मेमरी कार्ड खराब होत चाललंय आणि पाऊस तोंडावर आलाय. मापक साधाच, उलटणाऱ्या बादलीचा: ०.२ मिलिमीटर पाणी साठलं की बादली उलटते आणि एक ठोका मोजला जातो. दर पाच मिनिटांनी वेळ आणि ठोके यांची एक ओळ फाइलच्या शेवटी जोडली जाते.

सॉफ्टवेअर सगळं सी या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि त्याचे तीन भाग आहेत. सेन्सरकडून आकडे घेऊन फाइलमध्ये लिहिणारा तो 'लेखक'. फाइलवर नजर ठेवून नवी ओळ आली की वर्गाबाहेरच्या फलकावर आकडा दाखवणारा तो 'मागोवा'. सकाळी साडेआठला फाइलमधल्या आदल्या चोवीस तासांच्या ओळी वाचून मिलिमीटर काढणारी ती 'बेरीज'. साडेआठची वेळ भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे ठेवली आहे, म्हणजे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

जुन्या पायवर डेबियन ९ या लिनक्स आवृत्तीवर आधारलेली सिस्टिम होती, नव्यावर डेबियन १२ वर आधारलेली घातली आहे. कोड जसाच्या तसा कंपाइल झाला, एकही वॉर्निंग नाही.

५ जून

दुपारी शाळेतून फोन आला. यंत्रावर लक्ष ठेवणारा मुलगा म्हणाला, "ताई, दिवा तर लागतोय, पण फलकावरचा आकडा काय हलंना." त्याला लेखकाची फाइल बघायला सांगितलं. तिच्यात दर पाच मिनिटांची ओळ नीट येत होती. म्हणजे लेखक चालू आहे आणि मागोवा थांबलाय. प्रोसेस जिवंत आहे, प्रोसेसरवर ताण नाही, एरर मेसेजही नाही. मागोवा पुन्हा सुरू केला की तोवरच्या सगळ्या ओळी दाखवतो आणि परत मुका होतो.

माझ्या टेबलावरच्या पायवर फाइलच्या शेवटी हाताने ओळी जोडून पाहिलं. तेच घडतं.

६ जून

मागोव्यातलं वाचन असं आहे: एफगेट्सने (फाइलमधून एक ओळ वाचणाऱ्या फंक्शनने) ओळ घ्यायची, नल ('काही मिळालं नाही') आलं तर एक सेकंद झोपायचं आणि पुन्हा एफगेट्स. जुन्या मशीनवर हे कित्येक पावसाळे चाललं. मग दोन्ही मशीनवर एस्ट्रेस (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागण्या किंवा सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावला आणि चित्र लख्ख झालं. जुन्यावर दर सेकंदाला रीड हा सिस्टिम कॉल जातो आणि शून्य परत येतं. फाइल वाढली की शून्याऐवजी बाइट येतात. नव्यावर रीड एकदाच शून्य परत करतं, त्यानंतर नुसत्या झोपेच्या ओळी. रीड पुन्हा जातच नाही. कर्नलला कुणी विचारतच नाही, तर फाइल वाढल्याचं कळणार कसं?

कारण जीलिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीत आहे. डेबियन ९ मध्ये २.२४ होती, डेबियन १२ मध्ये २.३६ आहे. मध्ये २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.२८ मध्ये एक जुना बग दुरुस्त झाला, बगझिलात (बगांच्या नोंदवहीत) त्याचा क्रमांक ११९०. सी९९ या सीच्या मानकाप्रमाणे स्ट्रीमवर (उघडलेल्या फाइलच्या प्रवाहावर) एकदा 'फाइल संपली' हा फ्लॅग, म्हणजे खूण, लागला की तो कुणी मुद्दाम काढेपर्यंत वाचनाच्या प्रत्येक फंक्शनने ईओएफच ('शेवट आला' हे उत्तर) परत द्यायला हवा. जुनी जीलिबसी तसं करत नव्हती, फ्लॅग लागलेला असतानाही पुन्हा कर्नलकडे जाऊन बघत होती. २.२८ पासून ती नियमाप्रमाणे वागते. प्रकाशनाच्या नोंदीत हे स्पष्ट लिहिलंय: शेवटापर्यंत वाचून झाल्यावर दुसऱ्या प्रोसेसने फाइल वाढवली, तर पुढचं वाचण्याआधी क्लिअरएरर (फ्लॅग पुसणारं फंक्शन) किंवा तोच परिणाम करणारं फंक्शन बोलवावं लागेल.

म्हणजे मागोवा इतकी वर्षं लायब्ररीच्या चुकीच्या आधारावर उभा होता. अशा कोडला कोणताही कंपाइलर पकडणार नाही. वाक्यरचना निर्दोष आणि प्रकार बरोबर असतात. बिघडलेला असतो तो एक गृहीत करार, आणि तो कुठेही लिहिलेला नसतो.

८ जून

दुरुस्ती एका ओळीची आहे, झोपेतून उठल्यावर क्लिअरएरर. पण ती ओळ टाकण्याआधी कोणतं फंक्शन काय पुसतं ते स्वच्छ मांडून ठेवते, कारण आमच्या कोडमध्ये याबाबत चार ठिकाणी चार समजुती सापडल्या.

प्रत्येक स्ट्रीमसोबत दोन स्वतंत्र फ्लॅग असतात. एक शेवट गाठल्याचा, तो एफईओएफने विचारायचा. दुसरा चूक झाल्याचा (पुढे 'चुकीचा फ्लॅग'), तो एफएररने विचारायचा. दोन्ही फंक्शन फक्त साठवलेली स्थिती सांगतात; फाइलकडे जात नाहीत आणि भविष्यही सांगत नाहीत. क्लिअरएरर दोन्ही फ्लॅग एकदम पुसतं आणि काहीच परत करत नाही. फाइलमधली जागा बदलणारं एफसीक यशस्वी झालं की शेवटाचा फ्लॅग पुसतं, चुकीच्या फ्लॅगला हात लावत नाही. वाचलेलं अक्षर परत ठेवणारं अनगेटसी यशस्वी झालं तरी शेवटाचा फ्लॅग जातो. रिवाइंड सुरुवातीला नेतं आणि दोन्ही फ्लॅग पुसतं, पण त्याला परत देण्याची किंमत नाही, त्यामुळे ते फसलं की सरळ कळत नाही. म्हणून सुरुवातीला जायचं असेल तिथे मी एफसीक वापरून त्याचं उत्तर तपासते. रिवाइंड या प्रकल्पातून काढून टाकलं.

बेरीजमध्ये एका ठिकाणी वाचनाच्या स्ट्रीमवर एफफ्लश (बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, अडकलेलं पुढे ढकलणारं फंक्शन) केलेलं आहे. टर्बो सी या जुन्या कंपाइलरवर शिकलेल्या पिढीची ही सवय, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्कॅनएफ (टाइप केलेलं वाचणारं फंक्शन) अडलं की हेच लिहायला सांगत. सीच्या मानकात एफफ्लश हे लेखनाच्या स्ट्रीमसाठी आहे, वाचनाच्या स्ट्रीमवर त्याचं वर्तन मानक ठरवून देत नाही. तेही काढलं.

क्लिअरएरर घातल्यावर एस्ट्रेसमध्ये दर सेकंदाचा रीड पुन्हा दिसायला लागला. शाळेत प्रोग्राम पाठवला आणि फलक हलला.

१० जून

परवाची दुरुस्ती तशीच ठेवता येणार नाही.

क्लिअरएरर दोन्ही फ्लॅग पुसतं, आणि इथेच धोका आहे. नल आलं की झोप, मग क्लिअरएरर, मग पुन्हा वाचन, असं डोळे मिटून केलं तर मेमरी कार्ड मरायला लागल्यावर कर्नल ईआयओ (वाचन-लेखनातला बिघाड) देईल, एफगेट्स नल देईल, आपण चुकीचा फ्लॅगही पुसून टाकू आणि जन्मभर झोपत-उठत राहू. फलकावर शेवटचा आकडा गोठलेला राहील आणि गावाला वाटेल की पाऊस थांबलाय. पर्जन्यमापकाने चुकीचा शून्य दाखवणं हे त्याने बंद पडण्यापेक्षा वाईट. जुनं कार्ड याच कारणाने बदललं असताना नव्या कोडमध्ये हे भोक ठेवणं मला पटत नाही.

म्हणून क्रम असा ठरवला. वाचनाने नल दिलं की सर्वात आधी एररनोची (काय बिघडलं ते सांगणाऱ्या आकड्याची) प्रत बाजूला ठेवायची, कारण मधल्या कोणत्याही फंक्शनने, अगदी मेसेज छापणाऱ्यानेही, ती बदलू शकते. मग एफएरर विचारायचं. फ्लॅग लागलेला असेल तर ठेवलेल्या एररनोवरून कारण लॉगमध्ये लिहायचं आणि फलकावर आकड्याच्या जागी आडवी रेघ दाखवायची. फ्लॅग नसेल आणि एफईओएफ खरं असेल, तरच क्लिअरएरर आणि झोप. एफएरर काय सांगतं? काहीतरी बिघडलं, एवढंच. का बिघडलं हे एररनोत असतं, तेही ताजं असेपर्यंत. पॉझिक्समध्ये (युनिक्सछाप सिस्टिमच्या मानकात) वाचनाची फंक्शन एररनो भरतात. नुसत्या सीच्या मानकात तशी सक्ती नाही. आमचा सगळा कारभार लिनक्सवर असल्याने त्यावर भिस्त ठेवायला हरकत नाही.

चुकीनंतर पुसून पुन्हा वाचायची मुभा फक्त एका कारणाला दिली, ईआयएनटीआर, म्हणजे सिग्नलमुळे अर्ध्यावर सुटलेलं काम. लेखक सिरियल पोर्टवरून वाचतो आणि सेन्सर गप्प राहिला तर अलार्मचा सिग्नल त्याला जागा करतो. हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावताना एसए रीस्टार्ट (सुटलेलं काम आपोआप पुन्हा सुरू करायचा पर्याय) दिलेलं नाही, त्यामुळे रीड अर्ध्यावर सुटतं आणि स्ट्रीमवर चुकीचा फ्लॅग लागतो. तिथे बिघाड काही नाही, आपणच उठवलेलं असतं. बाकी सगळ्या कारणांना थांबायचं आणि ओरडायचं.

वाचनातली चूक हुकमी घडवून आणायचे दोन मार्ग कामाला आले. लिनक्सवर डिरेक्टरी वाचनासाठी एफओपनने उघडली तर ती उघडते, आणि पहिल्याच वाचनाला ईआयएसडीआयआर ('ही तर डिरेक्टरी') येतो. एफएरर खरं, एफईओएफ खोटं. दुसरा मार्ग म्हणजे /प्रॉक/सेल्फ/मेम ही प्रोग्रामची स्वतःची मेमरी दाखवणारी फाइल सुरुवातीपासून वाचायला घेणं. शून्य पत्त्यावर काहीच मॅप केलेलं नसल्याने ईआयओ मिळतो, मरणाऱ्या कार्डावर मिळतो अगदी तोच. खराब कार्ड जपून ठेवायची गरज उरली नाही.

१३ जून

आज पहिला जोराचा पाऊस, आणि फलकावरचा आकडा फाइलपेक्षा कमी.

लॉग चाळल्यावर दिसलं की मागोव्याने काही ओळी अर्ध्या वाचल्या. लेखक आधी वेळ लिहून फ्लश करतो, मग सेन्सरकडून ठोके मागतो, मग स्वल्पविराम, आकडा आणि नवी ओळ. या दोहोंमधल्या क्षणी मागोवा जागा असेल तर त्याला नुसती वेळ मिळते. एफगेट्सचं वागणं इथे बारकाईने बघायला हवं. काही अक्षरं मिळाल्यावर शेवट आला तर ते नल देत नाही. मिळालेली अक्षरं देतं आणि शेवटाचा फ्लॅगही लावतं. म्हणजे वाचन यशस्वी आणि एफईओएफ खरं, दोन्ही एकाच वेळी. मागोवा ती वेळ पूर्ण ओळ समजून ठोके शून्य धरत होता, आणि नंतर आलेला उरलेला तुकडा बिघडलेली ओळ म्हणून टाकून देत होता. हलक्या पावसात हे क्वचित घडतं आणि घडलं तरी एखादा ठोका जातो. मुसळधारेत पाच मिनिटांचे बरेच ठोके एका तुकड्याबरोबर नाहीसे होतात.

आता एफगेट्सने दिलेल्या तुकड्याच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह आहे का ते बघते. नसेल तर तुकडा साठ्यात ठेवायचा, क्लिअरएरर करून झोपायचं आणि पुढचा तुकडा त्याला जोडायचा. ओळ पूर्ण झाल्याचा पुरावा तिच्या शेवटच्या चिन्हात आहे. शेवटाचा फ्लॅग त्याबद्दल काही सांगत नाही.

लेखकही सुधारला. सेन्सरचं उत्तर आल्यावरच पूर्ण ओळ एकदम लिहितो आणि मग फ्लश करतो. तरी मागोव्यातली जोडणी ठेवली आहे. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर विसंबू नये.

१४ जून

बेरीज आणि हातची बेरीज जुळत नाहीत, पण रोज नाही. काही दिवशी फरक शून्य, काही दिवशी नेमका शेवटच्या ओळीइतका जास्त.

कोड उघडताच कारण दिसलं: एफईओएफ खोटं असेतोवर फिरणारा व्हाइल लूप, आत एफगेट्स, त्याचं उत्तर न तपासता ओळीचा हिशेब. शेवटची ओळ नव्या ओळीच्या चिन्हाने संपते तेव्हा एफगेट्स त्या चिन्हावर थांबतं, शेवटाला धडकत नाही, म्हणून फ्लॅग लागत नाही. लूप आणखी एकदा फिरतो, एफगेट्स नल देतं, बफरला हात लावत नाही आणि त्यात पडून असलेली जुनी ओळ पुन्हा मोजली जाते. ज्या दिवशी वीज गेल्याने शेवटची ओळ चिन्हाविना तुटली, त्या दिवशी तीच ओळ वाचताना फ्लॅग लागला आणि हिशेब बरोबर आला. एरवी बरोबर चाललेल्या दिवशी चूक आणि वीज गेलेल्या दिवशी अचूक, अशा उलट्या लक्षणामुळे हा दोष इतके दिवस दडला. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस धरतात. त्या रेषेजवळच्या दिवशी एका ओळीने दिवसाचा वर्ग बदलू शकतो.

सहकाऱ्याने सुचवलं की एफगेट्सच्या लगेच खाली एफईओएफ तपासून बाहेर पडूया. त्याने उलटा तोटा होतो: चिन्हाविना संपणारी शेवटची ओळ नीट वाचली जाते आणि न मोजताच फेकली जाते. योग्य जागा एकच, लूपची अट म्हणजे स्वतः वाचनाचं उत्तर. एफगेट्स नल देत नाही तोवर फिरायचं. लूपमधून बाहेर आल्यावर एकदा एफएरर विचारायचं आणि तो खरा असेल तर त्या दिवसाची बेरीज जाहीर करायची नाही.

१८ जून

सेन्सरच्या कच्च्या बाइटची फाइल तपासणारा छोटा प्रोग्राम लॅपटॉपवर मध्येच थांबतो आणि पायवर कधीच थांबत नाही. एकच कोड, एकच फाइल.

एफगेटसीचं (एक बाइट वाचणाऱ्या फंक्शनचं) उत्तर 'चार' (char, सीमधला एका बाइटाचा प्रकार) या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घेतलेलं होतं. एफगेटसी इंट (मोठा पूर्णांक) परत करतं ते उगाच नाही: २५६ शक्य बाइट आणि त्यांच्याबाहेरचा ईओएफ, जो ऋण असतो आणि जीलिबसीत -१. 'चार'मध्ये कोंबलं की हा वेगळेपणा जातो. इंटेलच्या (लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या) लिनक्सवर 'चार' चिन्हयुक्त, म्हणजे ऋण आकडेही धरणारं असतं, त्यामुळे २५५ किमतीचा बाइट -१ होतो आणि फाइल संपल्यासारखी वाटते. एआरएमच्या (पायमधल्या प्रोसेसरच्या) लिनक्सवर 'चार' चिन्हविरहित असतं, त्यामुळे खरा ईओएफसुद्धा २५५ होतो, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप फिरत राहतो.

निदानाला फ्लॅगच उपयोगी पडले. लॅपटॉपवर लूप थांबल्यावर एफईओएफही शून्य, एफएररही शून्य. शेवट नाही, चूक नाही, तरी ईओएफ? असं दिसलं की उत्तराचा प्रकार आधी तपासावा. एक शब्द बदलून इंट केला.

२१ जून

आज लेखनाची बाजू. कार्ड भरलं तर काय होतं हे बघायला बेरीजचं उत्तर /डेव्ह/फुलकडे वळवलं. हे लिनक्सचं उपकरण प्रत्येक लेखनाला 'जागा नाही' म्हणतं. प्रोग्राम आनंदाने संपला आणि यशाचा कोड देऊन गेला.

एफप्रिंटएफने लिहिलेलं आधी बफरमध्ये जातं, त्यामुळे त्याचं उत्तर अक्षरांची संख्या, म्हणजे यशच. एफएररही तोवर स्वच्छ. खरं लेखन एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी होतं आणि ईएनओएसपीसी ('जागा नाही') तिथे येतो. त्या दोघांचं उत्तर कुणी बघतच नव्हतं.

नवा क्रम: तात्पुरत्या फाइलमध्ये सगळं लिहायचं, एफफ्लश करून उत्तर बघायचं, एफएरर विचारायचं, एफसिंकने कार्डापर्यंत पोचवायचं, एफक्लोजचंही उत्तर बघायचं आणि हे सगळं पार पडलं तरच रीनेमने खऱ्या नावावर आणायचं. एफएरर एफक्लोजच्या आधीच विचारायला हवं. एफक्लोज यशस्वी होवो वा न होवो, स्ट्रीम त्यानंतर आपली राहत नाही.

लेखनाच्या स्ट्रीमवर क्लिअरएरर कुठेही ठेवलेलं नाही. फ्लॅग पुसला म्हणून न पोचलेले बाइट पोचत नाहीत. तात्पुरती फाइल टाकून द्यायची आणि जागा झाल्यावर पहिल्यापासून लिहायचं.

२५ जून

महिनाअखेर लेखकाची फाइल बदलते: जुनीचं नाव बदलतं आणि नवी सुरू होते. मागोव्याची स्ट्रीम जुन्याच फाइलला धरून राहते. फ्लॅग पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा शेवट, असं चालूच. इथे फ्लॅगकडून उत्तर मिळणार नाही, कारण धरलेल्या फाइलपुरता शेवट खराच आहे.

म्हणून शेवट आला की दोन प्रश्न वाढवले. नावावरून स्टॅट आणि स्ट्रीमवरून एफस्टॅट (दोन्ही फाइलची माहिती देतात), दोन्हीचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलची ओळख, एकच आहे का? नसेल तर जुनीचं उरलेलं वाचून ती बंद करायची आणि नवी उघडायची. आयनोड तोच पण आकार आपल्या जागेपेक्षा कमी असेल, तर कुणीतरी फाइल जागेवरच रिकामी केली आहे. एफसीकने सुरुवातीला जायचं, त्यातच शेवटाचा फ्लॅग जातो. साठ्यातला अर्धा तुकडाही तेव्हा टाकायचा, नाहीतर जुन्या महिन्याची वेळ नव्या महिन्याच्या आकड्याला चिकटेल.

२९ जून

सगळं शाळेतल्या पायवर चढवलं. फाइल, फलक आणि हातची बेरीज तिन्ही जुळतात. त्या मुलाने विचारलं, आडवी रेघ आली तर काय करायचं? त्याला सांगितलं, "आधी फोन कर. चालू-बंद करू नकोस, लॉगमध्ये कारण लिहिलेलं असतं."

डिरेक्टरी, /प्रॉक/सेल्फ/मेम, /डेव्ह/फुल, चिन्हाविना संपणारी फाइल आणि २५५ चा बाइट असलेली फाइल या पाच चाचण्या मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) घातल्या. जुन्या डेबियन ९ च्या पायवरही त्या चालवल्या, तिथेही पार होतात. वाढत्या फाइलची आणि महिना बदलण्याची चाचणी अजून हाताने करावी लागते. त्यांची स्क्रिप्ट जुलैची फाइल सुरू व्हायच्या आत लिहायची आहे.